खुंटी – ४ फुट ३ इंच

दरवर्षी एकदा मी शाळेत नारळातून ‘रक्त’ काढून दाखवते. शेंडीत आधीच पोटॅशियम परमँगनेटची पूड दडवायची, वरून पाणी शिंपडायचं, की लाल धार लागते. सातवीची मुलं आधी मागे सरकतात आणि दुसऱ्या दिवशी तीच मुलं सांगतात, मॅडम, आज्जीला करून दाखवलं, ती लई चिडली. वीस वर्षं विज्ञान शिकवतेय. शाळेच्या दाराला कुणी लिंबू-मिरची बांधली तर ती काढून मिरची भाजीत टाकणारी बाई मी.

त्यामुळे या सदरातले भुताखेतांचे अनुभव मी आजवर वाचले ते थोडं हसतच. आज स्वतःचा लिहायला बसलेय. आधीच सांगते – यात कुणी दिसलं नाही, आवाज आला नाही, दार आपोआप उघडलं नाही. जे झालं ते भर दिवसा, उन्हात झालं. एक भिंत आहे आणि तिच्यावर चार शब्द. बस्स, एवढंच.

मी घनसावंगीला राहते. गावाच्या अंबडकडच्या अंगाला नवीन प्लॉटिंग झालं, तिथं शेवटच्या ओळीत आमचं घर. मागे उसाचं रान सुरू होतं. माझी शाळा कुंभार पिंपळगावच्या रस्त्यावरच्या एका खेड्यात, जीपने जाऊन-येऊन करते. माझे मिस्टर भास्कर सरकारी कचेरीत कारकून होते. नोकरी कागदांची, पण जीव सगळा हातकामात. रविवार आला की कानावर पेन्सिल चढायची. ती पण कचेरीतली – एका टोकाला लाल, दुसऱ्या टोकाला निळी. घराचा स्लॅब टाकून झाला, गिलावा झाला, आणि पैशांपेक्षा हौसेनं त्यांनी ठरवलं की पुढचं सगळं आपण करायचं. पुट्टी, रंग, फळ्या, दारांचं पॉलिश, विजेच्या बोर्डांच्या जागा. एकेक खोली. घाई नाही.

त्यांची एक पद्धत होती. कामाला हात लावायच्या आधी भिंतीवरच लिहायचे. छोटा गोल, त्यात अधिकचं चिन्ह, आणि शेजारी माप. विजेचं असेल तर निळ्यानं, खिळा-खुंटी-फळी असेल तर लाल. आणि ‘फूट’ कायम ऱ्हस्व – ‘फुट’. मी म्हणायचे, “अहो, मास्तरणीच्या घरात तरी शुद्ध लिहा.” ते म्हणायचे, “पुट्टीच्या आत जाणारे ते. कोन वाचणारे?”

बाहेरची बैठकीची खोली त्यांनी पूर्ण केली. सहा महिने लागले, पण भिंतीवर हात फिरवला तर पाटीसारखी गुळगुळीत. त्यानंतर एका सकाळी अंबडच्या बसमध्ये बसल्या बसल्या त्यांना छातीत कळ आली... वय सेहेचाळीस. याला आता तीन वर्षं झाली. त्यावर जास्त लिहीत नाही.

सासऱ्यांबद्दल मात्र लिहावं लागेल. आमच्याकडे सासऱ्यांना मामा म्हणतात, मीही मामाच म्हणते. भास्कर त्यांना दादा म्हणायचे. आमचं घराणं मेंढपाळांचं. धाकटे दीर शेती बघतात, पण मामांनी म्हातारपणीही चाळीसेक मेंढरं सोडली नव्हती. उंच माणूस, सहा फुटाला थोडा कमी, डोक्याला लाल रुमाल. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, पण कुठलं मेंढरू कुणाच्या पोटचं ते बराबर सांगतील. भास्करांना वाटायचं, दादांनी आता उन्हातान्हात हिंडू नये, आपल्याकडे येऊन राहावं. एकदा गावी जाऊन ते म्हणाले, “दादा, मागं एक खोली काढतो तुमच्यासाठी.” मामांनी सगळ्यांसमोर सांगितलं, “तुझ्या सिमिटात कोंडून मारतो का मला? माझ्यासाठी खोली-बिली काढू नको. तुझं घर तुला लखलाभ.”

शब्दाला शब्द वाढला. बापलेकांचं त्यानंतर वर्षभर बोलणं नव्हतं. दोघंही एकमेकांची चौकशी माझ्याकडे करायचे. आणि त्या वर्षाच्या शेवटीच ती बस. मामा आले, अंगणात कडुलिंबाखाली बसून राहिले, तिसऱ्या दिवशी मेंढरांकडं निघून गेले. रडले नाहीत. त्या दिवसापासून मला मामांचा थोडा राग होता, हे आज कबूल करते.

पुढच्याच पावसाळ्यात वादळात आमच्या मागच्या बाजूचं पत्र्याचं शेड उडालं. म्हणजे नुसतं चार लोखंडी खांबांवर पत्रा आणि बाजूंनाही पत्राच, भिंत नव्हतीच. मोटारसायकल, सरपण, भास्करांची अवजारं तिथं असायची. ते पुन्हा उभारण्यापेक्षा पक्की खोली काढू असं ठरवून मी कुंभार पिंपळगावच्या रफिक मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी विटांच्या चार भिंती उभ्या केल्या, आतून-बाहेरून गिलावा करून दिला. माझ्या मनात होतं, मुलीला अभ्यासाला खोली होईल. प्रणाली – माझी मुलगी – तेव्हा बारावीला होती. नंतर ती नर्सिंगला जालन्याला गेली, होस्टेलला राहिली, आणि ती खोली तशीच कुलूप लावून पडून राहिली.

म्हणजे ही मागची खोली भास्कर गेल्यानंतर सात-आठ महिन्यांनी बांधली गेली. तेवढं ध्यानात ठेवा, पुढचं सगळं त्यावर आहे.

भास्कर गेल्यावर दीड वर्ष मी मूळ घराला हात लावला नाही. पुढची खोली तेवढी चकचकीत आणि आतल्या दोन खोल्या सिमेंटच्या, करड्या. दिवसभर शाळेत बरी असायचे. घरी आलं की त्या भिंती अंगावर यायच्या. धाकटे दीर म्हणाले, “वहिनी, विकून टाका, जालन्याला पोरीजवळ फ्लॅट घ्या.” सल्ला चांगलाच होता. पण विकायचं तर आधी नीट करावं लागेल, असं स्वतःला सांगून मी उन्हाळ्याच्या सुट्टीत झोपायच्या खोलीचं काम काढलं. मिस्त्री न लावता.

मोबाईलवर व्हिडिओ बघून शिकले. भिंत दगडाने घासायची, धूळ झटकायची, पाणी मारायचं, मग पुट्टी कालवायची – पिठल्याइतकी, पातळ नको, गोळे नकोत. पहिला हात खालून वर, दुसरा आडवा. वाळली की पॉलिश पेपर. पहिल्या दिवशी निम्मी पुट्टी भिंतीवर आणि निम्मी माझ्या केसांत. शेजारीण कुंपणावरून म्हणाली, “मॅडम, मिस्त्री मिळून न्हाई राह्यला का?” मी म्हटलं, “मिळतो की. मलाच करायचंय.” संध्याकाळी तिनं भाकरी पाठवली.

त्या खोलीत घासता घासता पहिल्यांदा अक्षर दिसलं. पलंगाच्या बाजूला, निळ्यात, गोल आणि अधिक – ‘बोर्ड २ फुट ४. झोपल्या झोपल्या हिचा हात पोचावा.’

मी तिथंच खाली बसले. आमचं दिव्यावरून रोजचं भांडण असायचं, उठून दिवा कोणी घालवायचा. आणि यांनी कधीतरी एखाद्या रविवारी, मी स्वयंपाकात असताना, गुपचूप माप घेऊन ठेवलं होतं. त्यात भुताटकीचं काही नाही. जिवंतपणी लिहिलेलं, मला नंतर दिसलं, इतकंच. मी बोर्ड तिथंच बसवून घेतला. विजेचं काम तेवढं माणूस लावून केलं.

दिवाळीच्या सुट्टीत स्वयंपाकघर घेतलं. आता मला माहीत होतं, म्हणून घासायच्या आधी शोधायचे. ‘फळी ५ फुट ६. हिला स्टूल नको.’ ‘पोळपाटाची खुंटी ४ फुट – हिचा डावा हात.’ मी डावखुरी आहे. चहाच्या डब्याला वेगळी जागा, मिठाला वेगळी. एका ठिकाणी माप नव्हतंच, नुसतं लाल गोल आणि ‘हिला विचारणे’. काय विचारायचं होतं, ते लिहिलेलं नाही.

ती दिवाळी मी त्या भिंतींशी बोलतच काढली म्हटलं तरी चालेल. ड्रिलनं भोक पाडायचं, त्यात लाकडाची गिट्टी ठोकायची, फळी बसवायची, आणि पुट्टीचा हात फिरवून ते अक्षर झाकायचं. झाकताना दरवेळी हात अडायचा. पण त्यांची पद्धतच ती होती. काम झालं की भिंतीच्या आत.

विकायचा विषय तोवर मागे पडला होता.

मग पुढचा उन्हाळा आला. मामांची तब्येत बरी नसायची, दीर म्हणाले मेंढरं विकली, दादा नुसते ओट्यावर बसून असतात, थोडे दिवस तुमच्याकडे ठेवता का. मी हो म्हटलं. मामा एक पिशवी घेऊन आले आणि दारातच म्हणाले, “आठ दिसासाठी आल्तो. मंग जातो.” पुढच्या खोलीत झोपायचे, दिवसभर कडुलिंबाखाली खाटेवर. बोलणं जेवणापुरतं. मी मागच्या खोलीचं काम काढलं होतं, प्रणालीसाठीच. मामा खाटेवरून माझं येणं-जाणं बघायचे.

सहावा की सातवा दिवस. सकाळचे अकरा वाजले असतील. पूर्वेची भिंत होती. तारेच्या ब्रशने दोन वर्षांची धूळ आणि जाळी काढली आणि मग्यानं पाणी मारत गेले. करड्या सिमेंटवर पाणी उतरलं आणि त्यात लाल दिसलं. गोल, आत अधिक.

खरं सांगते, मला धक्का-बिक्का काही बसला नाही. मनात आलं, हां, इथंही लिहिलंय. दोन खोल्यांची सवय झाली होती. मी पुढं वाकून वाचलं –

‘दादा. खाट पूर्वेला. खुंटी ४ फुट ३ इंच.’

वाचून मी मापाचा टेप घ्यायला वळलेसुद्धा. टेप हातात घेतला, पट्टी ओढली, आणि तेव्हा लक्षात आलं की ही भिंत भास्कर असताना नव्हतीच.

टेप सुटला आणि सर्रकन आत गेला. मी बाहेर येऊन पायरीवर बसले. ऊन डोक्यावर होतं. मामा खाटेवरून म्हणाले, “काय झालं? ऊन लागलं का?”

“नाही मामा.”

“मंग अशी का बसली?”

मी म्हटलं, “भिंतीवर लिहिलंय.”

“कोन लिव्हलं?”

मला नाव घेता येईना. ते उठले, हळूहळू आत गेले. मी मागोमाग गेले. मामांना वाचता येत नाही. ते त्या लाल रेघांकडे बघत उभे राहिले आणि म्हणाले, “ही त्येची पेन्सल हाय.” हे मी त्यांना सांगितलेलं नव्हतं. मग म्हणाले, “वाच.”

मी वाचलं. दादा. खाट पूर्वेला. खुंटी. आणि आकडा.

मग मामा म्हणाले, “पूर्वेला म्हनला?”

“हो.”

“मी उगवतीकडं तोंड करून झोपतो.”

काहीतरी बोलायचं म्हणून मी टेप लावला. चार फूट तीन इंच, त्यांच्या छातीइतकंच आलं. कपड्यांची खुंटी माणूस डोक्याच्या उंचीला मारतो, वर हात करून अडकवता येईल अशी. भास्करांचं माप कधी इतकं चुकायचं नाही. मी म्हटलं, “मामा, हे चुकलंय वाटतं. तुमच्या उंचीला फार खाली होतंय.”

मामांनी डोक्याचा रुमाल डाव्या हातानं सोडवला. उजव्या हातात घेतला. आणि तो हात भिंतीकडं उचलायला लागले. छातीपर्यंत आला आणि थांबला. रुमाल बरोबर त्या लाल गोलावर टेकला होता.

“ह्याच्यापरीस वर जात न्हाई,” ते म्हणाले.

“कधीपासून?”

“मागल्या साली पावसाळ्यात बांधावरनं पडल्तो. खांद्यात काहीतरी झालं. कुनाला सांगितलं न्हाई. सांगितलं आसतं तं तुमी दवाखान्यात नेलं आसतं, मेंढरं इकली आसती.”

तो पावसाळा म्हणजे भास्कर जाऊन दीड वर्ष होऊन गेलं होतं. आणि मी... आठवडाभर त्यांना दोन वेळा ताट वाढत होते. ते डाव्या हातानं रुमाल बांधतात, अंघोळीची बादली डाव्या हातानं उचलतात, हे माझ्या एकदाही ध्यानात आलं नव्हतं. मी डावखुरी असून.

मामा तो रुमाल भिंतीला तसाच दाबून धरून उभे होते. मग त्यांनी कपाळ भिंतीला टेकवलं. मी बाहेर आले. आत काय झालं ते मी पाहिलं नाही, आणि पाहिलं असतं तरी लिहिलं नसतं.

आता माझ्यातली मास्तरीण काही गप्प बसणारी नव्हती. दोन दिवसांनी रफिक मिस्त्रींना फोन केला. म्हटलं, तुमच्या माणसांपैकी कुणी आमच्या भिंतीवर पेन्सिलनं लिहिलं होतं का? ते म्हणाले, “मॅडम, माझ्या गिलाव्यावर कोन लिव्हतंय, आन् मी ते सोडतो का?” तरी बाजाराच्या दिवशी येऊन गेले. बिचारे आधी हसत होते. मग अक्षरांवरून नख फिरवलं, चष्मा काढला, पुसून परत लावला.

“हे वरून लिव्हलेलं न्हाई,” म्हणाले. “हे बघा, अक्षर आत दबलंय. गिलावा वला असतानाचं काम आहे हे. वाळल्यावर पेन्सिल अशी रुतत न्हाई, बिलकुल न्हाई.”

“त्या दिवशी खोलीत कोण कोण होतं?”

“मी आन् माझा भाचा. दुपारी चारला भिंत झाली. पूर्वेचीच शेवटी केल्ती. मी स्वतः सपाट करायची फळी फिरवली, मॅडम. कोरी होती.” मग म्हणाले, “साहेबांचं अक्षर आहे का?” मी हो म्हटलं. त्यांनी चहा घेतला नाही. जाताना मामांजवळ दोन मिनिटं बसले.

प्रणाली शनिवारी आली. तिनं फोटो काढला, माझ्याकडं बघितलं आणि अगदी सांभाळून, पेशंटशी बोलतात तसं म्हणाली, “आई, रागावू नको. पण... तूच लिहिलं असशील का? बाबा गेल्यावर तू खूप दिवस वेगळीच होतीस. तुला आठवत नसेल.”

मी रागावले नाही. मुलांना मीच शिकवते की सोपं कारण आधी तपासा. मी तिच्यासमोर वहीवर तोच मजकूर लिहून पाहिला. डाव्या हाताच्या माणसाची अक्षरं मागे कलतात, भिंतीवरची पुढे कलली आहेत. पण ठीक आहे, अठरा वर्षं ज्याच्यासोबत राहिले त्याचं अक्षर मला काढता येणार नाही असं मी कसं म्हणू? ‘फुट’ पण मुद्दाम लिहिता येईल. गिलावा झाला त्या दिवशी मी शाळेत होते, हजेरीवर सही आहे. संध्याकाळी आले तेव्हा बोट दाबलं तरी उमटत नव्हतं, हे मला पक्कं आठवतं. पण आठवणीवर विश्वास ठेवायचा का, हाच तर तिचा प्रश्न होता.

मी तिला एवढंच विचारलं, “आजोबांच्या हाताचं मला तेव्हा कसं कळलं असेल? हात तर पुढच्या वर्षी गेला.”

ती आजोबांच्या खांद्याला तेल लावायला गेली.

मी अजूनही शोधतेय. एखाद्या वाचकाला वाटेल, योगायोग. असेल. रफिक मिस्त्री खोटं बोलत असतील? मग त्यांना मामांचा हात कसा ठाऊक? भास्करांनी आधीच कुठंतरी लिहिलं असेल? पण कुठं – पत्र्यावर? मी सगळं उलटं-सुलटं करून पाहिलंय. जमत नाही.

मामांनी परसातली बाभळीची फांदी कोयत्यानं तासून खुंटी केली. डाव्या हातानं, दोन दिवस बसून. ड्रिल मी मारलं. खुंटी बसल्यावर आजूबाजूच्या अक्षरांचं काय करायचं, ते मी त्यांनाच विचारलं. म्हटलं, “मामा, तुम्ही म्हणाल तर एवढा भाग तसाच ठेवते.”

ते म्हणाले, “त्येनं काय केलं आसतं?”

“पुट्टी मारली असती.”

“मंग मार.”

मारली. प्रणालीच्या मोबाईलमध्ये फोटो आहे, पण तो इथं टाकणार नाही, कुणी मागू नये. ती चिठ्ठी माझी नाही.

खाट पूर्वेला लावलीय. आठ दिवसांचे मामा, आता सात महिने झाले. उगवतीकडं तोंड करून झोपतात. सकाळी रुमाल खुंटीवरून काढतात तेव्हा हात कुठं अडत नाही. जालन्याच्या डॉक्टरांकडं खांदा दाखवला, व्यायाम दिलाय, करतात. कधी कधी गावाकडच्या गोष्टी सांगतात – भास्कर लहानपणी कोकराला शाळेत घेऊन गेले होते, गुरुजींनी दोघांनाही बाहेर उभं केलं. मला हे अठरा वर्षांत कळलं नव्हतं.

आता एक शेवटचं, जे मी प्रणालीलाही सांगितलेलं नाही.

ते अक्षर सापडल्यानंतर मी त्या खोलीच्या बाकीच्या भिंती शोधायला लागले. नुसत्या बघून नाही. मामा फिरायला गेले की ओल्या फडक्यानं इंच-इंच पुसायची, टॉर्च आडवी धरून बघायची. उत्तरेची भिंत झाली, दक्षिणेची झाली. दाराच्या चौकटीच्या कडा, खिडकीखालची पट्टी. मला मापही नको होतं. नुसता एक लाल गोल चालला असता. निळा चालला असता. ‘हिला’ एवढं चाललं असतं.

काही नव्हतं.

मला लाज वाटते हे लिहायला, पण मला मामांचा हेवा वाटला. वर्षभर ज्यानं तोंड फिरवलं त्याला भिंतीतून निरोप, आणि मी... एका दुपारी मी गुडघ्यांवर बसून खालची कड पुसत होते आणि मामा दारात आले. मला कळलंच नाही, किती वेळ उभे होते.

“काय हुडकती?” त्यांनी विचारलं.

“काही नाही. धूळ आहे.”

ते खाटेवर बसले. म्हणाले, “तुला काय लिव्हलंय का, ते बघती.”

मी फडकं पिळत राहिले.

“पोरी,” मामा म्हणाले, “तुमचं बोलून झाल्तं. आमचंच राह्यल्तं.”

यापेक्षा चांगलं स्पष्टीकरण मला कुणी दिलेलं नाही, आणि हे काही स्पष्टीकरण नाही. मामांचं बरोबर असेल. आतल्या दोन खोल्यांत जागोजाग मीच आहे, पुट्टीच्या आत. हात पोचावा म्हणून, स्टूल लागू नये म्हणून. पण बोलून झालं होतं, असं मला वाटत नाही. मामांना कसं सांगू.

पश्चिमेची भिंत अजून राहिलीय. ती मी पुसलेली नाही, घासलेली नाही, तिला पुट्टीही लावली नाही. दिवाळीत घेईन म्हटलं होतं, दिवाळी गेली. उघडून ठेवलेली पुट्टीची गोणी ओल धरून दगड झाली. प्रणाली म्हणते, आई, एकच भिंत आहे, दोन दिवसांचं काम. दोन दिवसांचंच आहे. रविवारी सकाळी मी बादलीत पाणी घेऊन तिच्यासमोर जाऊन उभी राहते. मग ते पाणी कडुलिंबाला घालून परत येते.